पाइपचं माप सेंटरपासून: फिटिंगची लांबी, एल्बो आणि कोन कसे काढायचे

चार इंची पाइप बाहेरून मोजला तर चार इंच भरत नाही, तो साडेचार भरतो. आतून मोजला तर शेड्यूल (म्हणजे पाइपच्या भिंतीच्या जाडीचा दर्जा) ४० मध्ये १०२.३ मिमी येतात आणि शेड्यूल ८० मध्ये ९७.२. म्हणजे 'चार इंची' हे त्या पाइपचं नाव झालं, माप नव्हे. शेड्यूल कोणतंही घ्या, बाहेरचा व्यास ११४.३ मिमीच राहतो. जाडी वाढली की ती आतल्या बाजूला वाढते. फिटरचा सगळा हिशेब त्यामुळे बाहेरच्या व्यासावर चालतो. रोज लागणारे आकडे हे (एनबी म्हणजे नॉमिनल बोअर, मिमीमधलं नावापुरतं माप):

२ इंच (५० एनबी): ६०.३ मिमी
३ इंच (८० एनबी): ८८.९ मिमी
४ इंच (१०० एनबी): ११४.३ मिमी
६ इंच (१५० एनबी): १६८.३ मिमी
८ इंच (२०० एनबी): २१९.१ मिमी

चौदा इंचापासून पुढे नाव आणि बाहेरचा व्यास एकच होतात. १४ इंची पाइप खरोखरच ३५५.६ मिमी असतो.

चालू लाइनवर व्हर्नियर लावायला जागा नसेल तर पाइपला टेप गुंडाळून परिघ घ्या आणि ३.१४१६ ने भागा. ५३० मिमी परिघ आला तर व्यास १६८.७, म्हणजे सहा इंची पाइप आणि वर रंगाचा थर. टेप तिरका बसला की आकडा फुगतो, म्हणून दोन ठिकाणी मोजून लहान आकडा धरावा.

घरगुती आणि शेतीच्या पाइपमध्ये नावांचा गोंधळ याहून मोठा आहे. शेतातला पीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासानेच विकला जातो: दुकानात 'दोन इंची' म्हणतात तो ६३ मिमी, अडीच इंची ७५, तीन इंची ९० आणि चार इंची ११०. गरम पाण्याच्या सीपीव्हीसीचं माप तांब्याच्या नळीवरून आलंय. पाऊण इंची सीपीव्हीसी बाहेरून २२.२ मिमी असतो, तर पाऊण इंची शेड्यूल यूपीव्हीसी २६.७. एकाचा एल्बो (वळणाचा जोड) दुसऱ्यावर बसणार नाही, कितीही सोल्युशन (चिकटवायचा द्रव) लावा. जीआय पाइप घेताना रंगाचा पट्टा बघायचा: पिवळा लाइट, निळा मीडियम, लाल हेवी. पट्टा खरवडलेला असेल तर तोंडाशी जाडी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

मोजायचं ते सेंटर टू सेंटर

ड्रॉइंगवरची लांबी पाइपची नसते. ती एका एल्बोच्या मध्यबिंदूपासून (दोन्ही बाजूंच्या सेंटर लाइन जिथे छेदतात तिथून) दुसऱ्याच्या मध्यबिंदूपर्यंतची असते, किंवा फ्लँजच्या (बोल्टने जोडायच्या चकतीच्या) फेसपासून, म्हणजे सपाट तोंडापासून, मध्यबिंदूपर्यंतची. साइटवर माप घेतानाही तोच शिस्तीचा धागा धरायचा. पाइपच्या पृष्ठभागापासून घेतलेलं माप वहीत तसंच उतरवलं तर संध्याकाळपर्यंत ते नक्की कशापासूनचं होतं हे कुणालाच आठवत नाही. आकड्याशेजारी 'सेंटर' किंवा 'फेस' लिहायचंच.

हवेत लटकलेला मध्य टेपने कसा पकडायचा? समोरासमोर दोन सारख्याच आकाराचे पाइप असतील तर मध्य शोधूच नका. एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेच सेंटर टू सेंटर. आकार वेगळे असतील तर दोन्ही त्रिज्यांचा फरक मिळवावा किंवा वजा करावा लागतो. डावीकडे सहा इंची आणि उजवीकडे चार इंची पाइप आहे, डावी कड ते डावी कड ५०० मिमी. त्रिज्या ८४ आणि ५७, फरक २७. डावीकडचा पाइप मोठा असल्यामुळे त्याचा मध्य कडेपासून जास्त आत आहे, म्हणून वजा: सेंटर टू सेंटर ४७३ मिमी. मिळवायचं की वजा करायचं असा घोळ झाला तर कागदावर दोन वर्तुळं काढावीत, लगेच दिसतं.

उंचीसाठी सपोर्टच्या बीमवरून पाइपच्या तळापर्यंत मोजून त्यात अर्धा व्यास मिळवायचा. ओळंबा आणि पाण्याची नळी (पातळी बघायची पारदर्शक नळी) यांना अजूनही पर्याय नाही. लेझर असेल तर उत्तम, पण भर उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही.

एल्बो सेंटर वजा करणं

वेल्डिंगचा ९० अंशाचा लाँग रेडियस एल्बो असेल तर त्याच्या तोंडापासून मध्यबिंदूपर्यंतचं अंतर पाइपच्या इंचांच्या दीडपट असतं. मिलिमीटरमध्ये सोपं: इंच गुणिले ३८.१. चार इंचीला १५२, सहा इंचीला २२९, आठ इंचीला ३०५. शॉर्ट रेडियसला दीडपट नाही, एकपट: चार इंचीला १०२. अर्धा आणि पाऊण इंची एल्बो या नियमात बसत नाहीत, ते दोन्ही एक इंचीसारखेच ३८ मिमीचे असतात.

४५ अंशाच्या एल्बोला चार इंचापासून पुढे इंच गुणिले १५.८८ चालतं: चार इंचीला ६४, सहा इंचीला ९५, आठ इंचीला १२७. खालच्या आकारांत हे सूत्र फसतं. तीन इंचीचं खरं अंतर ५१ आहे आणि दोन इंचीचं ३५. सूत्राने काढलं तर दोन्हीकडे तीन-साडेतीन मिमी कमी येतात. तसंही, पेटीतला एल्बो सपाट प्लेटवर ठेवून गुण्याने एकदा मोजून घेणं केव्हाही बरं. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक एल्बोचं माप कोष्टकाप्रमाणे असतंच असं नाही.

आता एक सरळ तुकडा काढू. टाकीच्या नोझलचा (बाहेर काढलेल्या तोंडाचा) फ्लँज आहे, त्याला आपला वेल्डनेक फ्लँज (मान असलेला, पाइपच्या टोकाशी वेल्ड होणारा) लागणार, मग चार इंची पाइप, मग ९० चा एल्बो. नोझलच्या फेसपासून एल्बोच्या मध्यापर्यंत ८०० मिमी हवेत. गॅस्केट, म्हणजे दोन फ्लँजमधलं पॅकिंग, ३ मिमी. आपल्या फ्लँजची फेसपासून बेव्हलपर्यंतची (वेल्डसाठी तिरक्या केलेल्या कडेपर्यंतची) लांबी मोजली, ती ७६ आली. एल्बो सेंटर १५२. दोन जॉइंट आहेत, प्रत्येकी ३ मिमी रूट गॅप (वेल्डसाठी दोन तोंडांमधे सोडलेली फट), म्हणजे ६.

८०० − ३ − ७६ − १५२ − ६ = ५६३ मिमी. एवढा पाइप कापायचा.

या हिशेबात हमखास विसरलं जातं ते गॅस्केट. तीन मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दहा फ्लँजच्या लाइनमध्ये तेच तीन सेंटीमीटर होतात. रूट गॅप मोजमापात धरायचा आणि टॅक करताना (वेल्डचे तात्पुरते टाके घालताना) प्रत्यक्षातही तेवढाच ठेवायचा. त्यासाठी योग्य जाडीची फिलर वायर वाकवून मधे अडकवतात. हाताच्या अंदाजावर सोडलेला गॅप एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला चार मिमी निघतो, आणि मग एल्बो मान वाकडी करून बसतो.

स्लिपऑन फ्लँज असेल तर हिशेब वेगळा. तिथे पाइप फ्लँजच्या आत जातो आणि फेसपासून साधारण पाइपच्या जाडीइतका आत थांबतो, म्हणजे आतलं वेल्ड फेसच्या बाहेर येत नाही. फ्लँजची लांबी वजा करायची नाही, फक्त ती आतली जागा वजा करायची.

ऑफसेट: ४५ अंशाचा

लाइन एका पातळीवरून दुसऱ्या समांतर पातळीवर न्यायची असेल तर दोन ४५ चे एल्बो आणि मधे तिरका पाइप. दोन सेंटर लाइनमधलं काटकोनातलं अंतर, म्हणजे ऑफसेट, गुणिले १.४१४ केलं की तिरक्या पाइपची सेंटर टू सेंटर लांबी मिळते. ऑफसेट ५०० असेल तर ७०७. चार इंची पाइपला दोन्ही बाजूंचे एल्बो सेंटर ६४ + ६४ = १२८ वजा, दोन रूट गॅप ६ वजा. पाइप ५७३ मिमी.

एल्बो ४५ चाच लागतो असं नाही. ३० अंशाला ऑफसेट गुणिले २ आणि ६० अंशाला गुणिले १.१५५. तिरकी लाइन पुढे किती जागा खाईल तेही आधी काढावं. ४५ ला ऑफसेटएवढीच, ३० ला ऑफसेटच्या १.७३२ पट, ६० ला ०.५७७ पट. पाइपरॅकवर शेजारच्या सपोर्टला एल्बो आदळतो तो हा आकडा न काढल्यामुळेच.

रोलिंग: वरही आणि बाजूलाही

नव्या फिटरला घाम फुटतो तो इथे, पण गणित एकाच पायरीने वाढतं. लाइन ३०० मिमी वर जायची आहे आणि ४०० मिमी बाजूलाही. तिरकं खरं अंतर पायथागोरसने: ३०० चा वर्ग ९०,०००, ४०० चा वर्ग १,६०,०००, बेरीज २,५०,०००, वर्गमूळ ५००. इथून पुढे सगळं मघाचंच. ५०० गुणिले १.४१४, वजा १३४, पाइप ५७३ मिमी. म्हणजे पाइपच्या लांबीत काहीही बदल नाही. बदलतो तो एल्बोचा कल: तो सरळ वर न बघता बाजूला फिरवून टॅक करावा लागतो.

किती फिरवायचा? बाजू भागिले उंची, ४०० ÷ ३०० = १.३३३, त्याचा उलटा टॅन (कॅल्क्युलेटरवर tan⁻¹) ५३ अंश. उभ्यापासून ५३ अंश बाजूला. हा कोन पाइपवर कसा मारायचा यात चार इंची पाइपची एक गंमत आहे. त्याचा परिघ ३५९ मिमी, आणि वर्तुळात अंश ३६०. म्हणजे चार इंची पाइपच्या पृष्ठभागावर एक मिलिमीटर म्हणजे जवळपास एक अंश. पाइपच्या माथ्यावर लेव्हलने वरची रेष पकडा, तिथून टेप गोलाईवर चिकटवून ५३ मिमी मोजा, खडूने खूण करा. एल्बोच्या पाठीच्या (बाहेरच्या वळणाच्या) आणि गळ्याच्या (आतल्या वळणाच्या) मधोमध एकेक रेष मारा, आणि लाइन जिकडे वळायची आहे तिकडे एल्बोचं तोंड ठेवून त्याच्या गळ्याची मध्यरेष त्या खुणेवर आणा. पाठ आपोआप समोरच्या बाजूला जाते. दुसऱ्या आकारांसाठी बाहेरचा व्यास गुणिले ०.००८७३ केलं की एका अंशाला किती मिलिमीटर ते मिळतं. सहा इंचीला ते १.४७.

फिरवण्याची दिशा मात्र कागदावर बाण काढून ठरवा. टॅक झाल्यावर डावं-उजवं उलटं निघालं तर एल्बो कापावाच लागतो. नशीब चांगलं असेल तर फक्त टॅक.

अडनिडा कोन

कोष्टकात न बसणारे कोन जुन्या प्लांटमध्ये रोज भेटतात. समजा सहा इंची लाइन २८० मिमी सरकवायची आहे आणि पुढची जागा फक्त ४०० मिमी. २८० ÷ ४०० = ०.७, उलटा टॅन ३५ अंश. तिरकी सेंटर टू सेंटर लांबी दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ: ४८८ मिमी.

मोबाइल आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये टॅनची बटणं दिसतात. आधी टॅन ४५ दाबून बघा. उत्तर १ आलं तर ठीक, १.६२ आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आहे आणि त्यातून निघणारं प्रत्येक उत्तर कचरा आहे.

कधी उंची-रुंदी मिळत नाही, फक्त दोन लाइन कुठेतरी एकमेकींना छेदताना दिसतात. तेव्हा पहिल्या लाइनच्या सेंटरची दोरी सरळ पुढे ताणायची, कोपऱ्याच्या पलीकडे. कोपऱ्यापासून त्या दोरीवर ५०० मिमी आणि दुसऱ्या लाइनवर ५०० मिमी अशा दोन खुणा करून त्यांच्यातलं सरळ अंतर मोजा. ते ३०१ आलं असं धरू. ३०१ ÷ १००० चा उलटा साइन १७.५, दुप्पट ३५ अंश. बरेच जण दोरी पुढे न ताणता दोन पाइपमधला आतला कोन मोजतात आणि १८० मधून वजा करतात. गणित बरोबरच आहे, पण माप कच्चं येतं: आतल्या १४५ अंशाच्या कोनात एका अंशाला फक्त अडीच-पावणेतीन मिमी फरक पडतो, तर पुढे ताणलेल्या दोरीवर तोच फरक आठ मिमीहून जास्त दिसतो. टेपची दोन मिमीची चूक आतल्या कोनाच्या पद्धतीत पाऊण अंश खाते, दोरीच्या पद्धतीत पाव अंश.

कोन कळला की ९० चा एल्बो कापून ३५ चा करायचा. त्रिज्या घेऊन कंसाची लांबी काढता येते, पण मला दुसरी रीत जास्त भरवशाची वाटते: हातातला एल्बोच मोजायचा. पाठीवरून एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत टेप चिकटवून घ्या, सहा इंचीला साधारण ४९१ मिमी येतील. गळ्यातून साधारण २२७. दोन्हींना ३५ ने गुणून ९० ने भागा: पाठीवर १९१, गळ्यात ८८. दोन्ही कुशींच्या मध्यरेषेवरही तसंच करा, तिथे १४० येतील. या चार खुणा जोडायला गॅस्केट शीटची किंवा जाड कागदाची सरळ पट्टी गुंडाळायची. चारही खुणा एका पट्टीच्या कडेवर आल्या तर रेष बरोबर. एखादी खूण सुटत असेल तर मोजण्यात चूक आहे, पट्टी ओढून जुळवू नका.

ग्राइंडरचं चाक तीनेक मिमी माल खातं. कट नेहमी रेषेच्या बाहेरच्या, टाकाऊ बाजूला ठेवायचा. एका एल्बोतून ३५ चे दोन तुकडे निघतात, दुसरा मात्र उरलेल्या तोंडाकडून मोजायचा, पहिल्या कटापासून नव्हे. कापलेल्या तोंडावर साडेसदतीस अंशाचा बेव्हल पुन्हा मारावा लागतो आणि टोकाला दीडेक मिमीचा सपाट भाग ठेवावा लागतो.

या कापलेल्या एल्बोचं सेंटर कोष्टकात मिळणार नाही. ते त्रिज्या गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन: २२८.६ × टॅन १७.५ = ७२ मिमी. मग पाइप: ४८८ − १४४ − ६ = ३३८ मिमी.

एल्बो न वापरता पाइपच तिरका कापून वळवतात त्या माइटर जोडाचं गणित त्यामानाने छोटं आहे. एकूण वळण भागिले जोडांच्या दुप्पट. ९० अंश तीन तुकड्यांत, म्हणजे दोन जोडांत, तर प्रत्येक कट साडेबावीस अंशाचा. पाइपची लांब बाजू आणि आखूड बाजू यांच्यातला फरक बाहेरचा व्यास गुणिले कटाचा टॅन, आठ इंचीला ९१ मिमी. डक्टला, चिमणीला, कमी दाबाच्या पाण्याला ठीक. दाबाच्या लाइनला ड्रॉइंगवर लिहिलं नसेल तर माइटर करू नये.

आटे आणि सोल्युशनचे जोड

जीआयच्या आट्यांच्या फिटिंगमध्ये पाइप एल्बोच्या आत शिरतो, तेवढी लांबी परत मिळवावी लागते. अर्धा इंचीला साधारण १३ मिमी, पाऊण इंचीला साडेचौदा, एक इंचीला १७. अर्धा इंची एल्बोचं तोंड ते मध्य २८ मिमी असेल आणि सेंटर टू सेंटर ६०० हवेत, तर ६०० − ५६ + २६ = ५७० मिमी पाइप. प्लंबर लोक सुतात मोजतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीला थोडा जास्त. हिशेब सुतात करा की मिमीत, एकाच मापात करा.

सीपीव्हीसीमध्ये सोल्युशन न लावता पाइप फिटिंगमध्ये घालून माप घेण्याची सवय असते. तिथेच घोटाळा होतो. त्याचा सॉकेट आत निमुळता होत जातो, कोरडा पाइप अर्ध्यावर अडकतो, आणि सोल्युशन लावल्यावर तोच पाइप तळापर्यंत सरकतो. चार-पाच जोडांनंतर शॉवरचं तोंड टाइलच्या आत गेलेलं असतं. सॉकेटची खोली बाहेरून मोजा, पाइपवर मार्करने खूण करा, आणि लांबी त्या खुणेवरून काढा.

सांडपाण्याच्या ११० मिमी लाइनला दुकानात ज्याला '९० चा बेंड' म्हणतात त्यावर नीट बघितलं तर ८७.५ अंश असं लिहिलेलं असतं. उरलेले अडीच अंश उतारासाठी ठेवलेले आहेत. गुण्या लावून तो काटकोनात ओढून बसवला की उतार जातो आणि जोडावर ताण येतो.

जुळवणी

फ्लँज टॅक करण्याआधी बोल्टची भोकं बघायची. भोकांची संख्या नेहमी चारच्या पटीत असते आणि दोन भोकं सेंटर लाइनच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर यायला हवीत, एकही भोक थेट माथ्यावर येता कामा नये. वरच्या दोन भोकांत सारखे बोल्ट घालून त्यावर लेव्हल ठेवली की फ्लँज फिरलाय का ते कळतं. फेस पाइपला काटकोनात आहे की नाही हे गुण्याने वरून आणि बाजूने, असं दोनदा बघावं लागतं.

प्रत्येक वेल्ड पाइपला थोडं आत ओढतं, साधारण मिलिमीटरभर, जाडी आणि गॅपप्रमाणे कमी-जास्त. वर्कशॉपमध्ये स्पूल (आधी जोडून तयार केलेला लाइनचा तुकडा) ±३ मिमीत बसला तर चालतो. पण दोन बाजूंचे फ्लँज आधीच पक्के असतील तेव्हा शेवटच्या स्पूलचा एक जोड वर्कशॉपमध्ये वेल्ड करूच नका. त्या टोकाला पाइप ५० ते १०० मिमी जास्त ठेवा, बाकी सगळी लाइन बोल्ट करून ताणून घ्या, मग त्या जागेवर नव्याने माप घेऊन कापा.